मोजदाद

बाबांना जुलैत एक दिवस सुट्टी मिळाली
आणि त्या दिवशीही त्यांनी तीच पांढरी व्हॅन काढली,
मालकाला विचारून. डिझेल आपलं.
मागच्या काचेवरच्या कंपनीच्या नावावर
आईनं ओला टॉवेल वाळत घातला.
"आज आम्ही कुणाचं गिऱ्हाईक नाही," म्हणाली.

मेरिदा सकाळी आठलाच तापलेलं.
बाबा आरशात बघत, बोट हवेत नाचवत मोजतात:
एक, दोन, तीन,
आणि बोट मागच्या रिकाम्या सीटवर जरा रेंगाळतं.
सवय, म्हणतात. गिअर टाकतात.
गास्पार तिकडे कानकुनला, सहाव्या मजल्यावर
परक्यांच्या चादरी बदलतो;
जुलै म्हणजे त्याचा हंगाम.
दुसऱ्यांच्या सुट्ट्यांवर चालतं आमचं घर,
म्हणून आमची सुट्टी काही जुळता जुळत नाही.

सेनोतेच्या फाटकाशी तिकीटवाला पोऱ्या उठून उभा:
"काय तेयो, आज किती जण? कुठले?"
बाबा क्षणभर गप्प. मग आमच्याकडे हात करून,
"तीन. इथलेच."

अकरा वर्षं त्यांनी माणसं इथे आणून सोडली,
अकरा वर्षं वर झाडाच्या सावलीत
इतर ड्रायव्हरांबरोबर डॉमिनो खेळत बसले.
किती पायऱ्या, पाणी किती खोल, सगळं पाठ:
छत कोसळलेली ही विहीर, जमिनीच्या पोटातली,
मुळं इतकी लांब की खाली उतरून पाणी पितात,
मासे आंधळे, त्यांना घाबरायचं नाही.
पायरीगणिक सांगत ते उतरले, आमच्याकडे पाठ करून,
जरा मोठ्यानं, जशी मागे चौदा माणसं आहेत,
आणि शेवटच्या पायरीवर थांबले.
पुढचं त्यांना माहीत नव्हतं.

यामिलीनं ढकललं. सात वर्षांची आहे, कुणाला भीत नाही.
नारिंगी जॅकेटात बाबा तरंगले,
मिशा ओल्या, चष्मा आईच्या हातात.
वरच्या भोकातून उन्हाची एक काठी खाली आली होती,
पाण्यात थेट उभी.
बाबांनी तिला हात लावून पाहिला.
"हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही," म्हणाले.
"वरून दिसतच नाही हे."

दुपारी प्रोग्रेसोला समुद्र. फारसं काही घडलं नाही.
वाळू, तळलेला मासा, आईची डुलकी.
एका माणसाच्या ताटातला मासा पेलिकननं पळवला, तेवढाच तमाशा.
मी सतरा वर्षांची, मला फोटोत उभं राहायचं नव्हतं.
राहिले.

संध्याकाळी चौकात, त्या पांढऱ्या जोडखुर्चीत,
जिच्यात दोघं शेजारी बसतात आणि तरी समोरासमोर,
आई आणि बाबा. मधे सिमेंटचा एक वळसा.
गाडीवर मार्केसिता: कुरकुरीत गुंडाळी, आत किसलेलं डच चीज.
आईनं पाच सांगितल्या.
गाडीवाल्यानं पाच दिल्या.
कुणी काही बोललं नाही.
पाचवी यामिलीनं खाल्ली, कबुतरांना चुरा टाकत टाकत.

रात्री भिंतींतल्या कड्यांना झोळ्या अडकवल्या.
खिडकीजवळच्या दोन कड्या उरल्या;
त्यांना दोरी बांधून आईनं पोहायचे कपडे टाकले.

पहाटे पाचला बाबा व्हॅन झाडत होते.
सीटखाली वाळू, माशाचा काटा,
आणि यामिलीची हिरवी क्लिप.
विसरलेल्या वस्तूंची त्यांची एक पेटी आहे:
एकेकटे सँडल, गॉगल, कुणाची तरी कवळी.
प्रत्येकीला चिठ्ठी लावतात, तारीख आणि हॉटेल.
क्लिपलाही लावली. नंतर मी पाहिली.
तारीख बरोबर होती.
हॉटेलच्या जागी, पेन बराच वेळ टेकवून ठेवल्याचा
नुसता एक निळा ठिपका.