सव्वाशे हर्ट्झ

अंबडला, पावडर कोटिंगवाल्याच्या मागे, इलियास तांबोळींचं शेड.
माझी दोन दारांची निळी गाडी लिफ्टवर,
पोट उघडं टाकून.
जुना सायलेन्सर गाडीहून दहा वर्षांनी म्हातारा दिसतो.
तीन बोल्ट तेल पाजल्यावर सुटले,
चौथ्याला आग दाखवावी लागली.

खाली आल्यावर इलियासभाईंनी तो कानाशी धरून हलवला,
नारळातलं पाणी बघतात तसा.
आत पत्रा खुळखुळला. चहाच्या भुकटीसारखा गंज फरशीवर.
"ताई, हा गप्प नव्हता. नुसता पुटपुटत होता."

नवा स्टीलचा. वजन जुन्याच्या निम्मं,
किंमत मी घरी निम्मी सांगितलेली.
नावच बघा, सायलेन्सर,
आणि मी पैसे मोजले ते त्यानं थोडं बोलावं म्हणून.

मी कंपन्यांमधून कान तपासते.
सातपूर, सिन्नर, कधी गोंद्यापर्यंत.
कपाटाएवढी बंद खोली, हेडफोन, हातात बटण:
काका, ऐकू आलं की दाबा.
घणाखाली वीस वर्षं काढलेले काका
चार हजार हर्ट्झला भिंतीकडे बघत बसतात.
मी आवाज वाढवते. ते बघत बसतात.
मग मलाच उगाच खोकला येतो.

निवृत्ती नावाच्या पोराने रबरी कड्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या,
अंगठ्याने ओढून आकड्यांत चढवल्या.
शेपटीची नळी बोटभर डावीकडे सरकलेली.
इलियासभाईंनी बंपर आणि नळीमध्ये काडेपेटी धरली,
ढकललं, पुन्हा धरली,
"आता खुटली" म्हणाले, आणि पाना फिरवला.
सांध्यावर साबणाचा फेस. गाडी चालू.
फेस जागचा हलला नाही. एकही बुडबुडा नाही.

मी पर्समधून माझं मीटर काढलं.
अर्धा मीटर लांब, तिरकं, नियमाप्रमाणे.
आधीचा आकडा चौऱ्याऐंशी. आता ब्याण्णव.
निवृत्ती म्हणाला, "फक्त आठच?"
त्याला डेसिबल समजावायला बसले असते,
पण तो हसत होता, दोन्ही कानांनी ऐकत.

त्र्यंबक रोड. खंबाळ्याच्या पुढे रस्ता मोकळा,
दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या तारा.
दुसऱ्या गिअरमध्ये आवाज खर्जातला, स्वच्छ,
पाय काढला की मागून दोन-तीन फुटाणे फुटतात.
अंजनेरीच्या फाट्यावर एका म्हाताऱ्याने
म्हैस माझ्या बाजूने स्वतःच्या अंगाआड घेतली.
मी लाजले. आणि लगेच पुन्हा दाबली. दोन्ही लिहून ठेवते.

पाचव्यात, पावणेचार हजार फेऱ्यांना,
काचा, सीट, दातांच्या मुळाशी एकच घुमणं.
इतर वेगांना नाही. बरोबर तिथेच.
हे कुठेतरी ऐकलंय, म्हणेपर्यंत ओळख पटली:
माझ्या मशीनवरचा सगळ्यात खालचा सूर. सव्वाशे हर्ट्झ.
चार हजाराला हरलेले सगळे
याला न चुकता बटण दाबतात.
काहींच्या चेहऱ्यावर तेव्हा एक छोटा विजय येतो.
तो मला कधी अहवालात लिहिता आला नाही.

परतताना सोसायटीच्या वळणाआधी गाडी थांबवली.
डिकीतून जाळीची नळी, अॅलन की, एक बोल्ट.
इलियासभाईंनी कागदात बांधून दिलं होतं:
"नाक्यावर हवालदार असेल तर घाला, ताई.
आणि तान्हं बाळ असेल तर हवालदार नसला तरी घाला."
दुसऱ्या मजल्यावर तान्हं बाळ आहे.
गरम नळीने करंगळी भाजली.

सोमवारी सिन्नर. पहिलेच काका, गांगुर्डे,
प्रेसवर सत्तावीस वर्षं.
चार हजार: भिंत. तीन हजार: भिंत.
मी बटण सगळ्यात खाली फिरवलं.
त्यांनी दाबलं.
टेबलाखाली माझा उजवा पाय
किंचित पुढे गेला.