दार एकच

आमच्या प्रार्थनाघराला दार एकच.
मे महिन्यात पत्रा तापतो, लेकरं निथळतात,
मागच्या भिंतीत दुसरं काढू, मंडळी म्हणाली होती.
बाबा नाही म्हणाले.
खिडक्या हव्या तेवढ्या काढा.

बाबा दितवारी जन्मले म्हणून दित्या,
रंगावलीच्या डोहात बुडून वर आले ते शमुवेल.
काका शुक्रवारचा, सुक्र्या.
तो सुक्र्याच राहिला.
याहा मोगीच्या जत्रेहून परतला की
आमच्या ओसरीवर तुरीच्या शेंगांची टोपली उपडी करायचा:
तुझ्या देवाला सांग, माझ्या वावरातल्या आहेत.
बाबा हसायचे.
जेवणाआधी डोळे मिटून मात्र
त्याचं नाव घ्यायचे,
चाळीस वर्षं. भाकरी गार व्हायची.

परवा काका गेला.
उशाला काठी ठेवली, तंबाखूची डबी,
भगतानं तांदूळ टाकले.
बाबा मोहाखाली उभे, काखेत बायबल, मिटलेलं.
मग पुढे झाले आणि सगळ्यांच्या आधी
दोन्ही हातांनी माती लोटली.

रात्री मी विचारलं, काका कुठं असेल?
फळ्यावर तुम्हीच काढायचात खडूनं:
अलीकडे आपण, पलीकडे देव, मधे खोल दरी
आणि दरीवर आडवा टाकलेला क्रूस.
दुसरा पूल नाही, आम्ही एका सुरात म्हणायचो.

बराच वेळ भिंतीवरची पाल बोलत होती.

मी सात वर्षांचा, बाबा म्हणाले, अंगात ताप,
नदीला पूर, तेव्हा फरशीसुद्धा नव्हती.
दादानं मला आईच्या लुगड्यानं पाठीला बांधलं
आणि छातीभर पाण्यातून नेलं
पलीकडे, मिशनच्या दवाखान्यात.
ते नाव मी पहिल्यांदा तिथं ऐकलं.
तो बाहेर पायरीवर. ओल्या काड्या घासत.
आत ये, असं त्याला कुणी म्हणालं नाही.
पुढं मी म्हणत राहिलो.
तो म्हणायचा, तुला पोचवला ना?

मार्ग एकच आहे, बाबा म्हणाले.
ह्यात मी तसूभर हलणार नाही.
आणि कंदील घेऊन बाहेर गेले.

रविवारी उपदेश तोच होता.
दारही तेच, एकच,
फक्त कडीच्या जागी स्क्रूची चार भोकं.
बाबांच्या सदऱ्याचा उजवा खिसा
उपदेशभर खाली ओढला जात होता.