बायण्यातली काचपेटी

समुद्र खिडकीतून दिसतो, फुकट,
आणि मी मीठ विकत आणते, पाकिटातलं,
गाळलेल्या पाण्यात ढवळते, मापून,
बादलीभर समुद्र.

नाताळात पहिल्यांदा दिसलं ते:
दगडावर हिरवी लव,
बाळाच्या टाळूवर असते तेवढीच.
मी कौतुकच केलं.
जानेवारीत केस झाले. शिमग्यापर्यंत जटा.

जुन्या टूथब्रशने खरवडलं, कोपरापर्यंत हात खारट;
उपटलं ते दुप्पट आलं.
मासे विकणारा तिळवे म्हणाला, "वहिनी, खाणं किती घालता?"
मी चिमूट करून दाखवली.
"ह्याला चिमूट म्हणतात? हा तर पाहुणचार झाला."

तीन दिवस अंधार, तो म्हणाला.
दिवा बंद, पेटीवर चादर.
शेजारची एस्पेरांसा साखर मागायला आली,
दारातच थबकली:
"कोण गेलो गो?"
"शेवाळ," मी म्हटलं.
ती तरीही हळूच बोलली.

चौथ्या दिवशी चादर काढली.
जटा राखाडी, सैल,
नळीने ओढताच निघाल्या.
नारिंगी मासा काचेशी आला, तोंड उघडत मिटत,
आणि माझा हात सवयीने डब्याकडे गेला.

मागे घेतला.

खाली ओहोटीत
बायण्याचे खडक हिरवेगार उघडे पडलेत.
त्यांना कुणी खरवडत नाही.

पेटीत, पंपाच्या मागे,
माझा हात न पोचणाऱ्या जागी
एक हिरवा ठिपका उरलाय.
गोगलगाय तिकडेच निघालीय सकाळपासून.
मी भांडी घासली, कपडे वाळत घातले;
ती अजून वाटेतच.