सुटी पानं

वाळवीला अक्षरओळख नसते.
तिने आमच्या पुस्तकाचा कणा खाल्ला, पुठ्ठा खाल्ला,
आणि शब्दांपाशी येऊन थांबली.
पाळकबुवा म्हणाले, चमत्कार.
मी म्हणालो, रॉकेल.
कपाटात मीच शिंपडलं होतं.

मी अंबोकिले. सायकली दुरुस्त करतो,
करोंगाच्या बाजारात, सरोवराकडे उतरणाऱ्या रस्त्याला.
शनिवारी गिरणी बंद झाली
की तिच्याच ओट्यावर तरुण संघ बसवतो,
कारण चर्चची चावी पाळकबुवांकडे
आणि पाळकबुवा तीन गावांत वाटलेले.
नऊ जण, कधी अकरा.
भुवयांवर मक्याचं पीठ, सगळेच अकाली म्हातारे.

नव्या पुस्तकाला पैसे नव्हते.
म्हणून सुटी पानंच वाटून टाकली:
घरी न्या, आठवडाभर वाचा,
शनिवारी आणा आणि क्रमाने बसा.
तेम्वाने आपली पानं तांदळाच्या डब्यात ठेवली.
तुंतुफ्येने उशीत शिवली, दर शनिवारी उसवायची.
धाकट्या लुसुंगुच्या पानांना
सुकवलेल्या उसिपा माशांचा वास यायचा,
आणि त्याची पाळी आली
की सगळ्यांना भूक लागायची.

सुझगो यायचा भाजलेल्या शेंगांसाठी.
तसं तोंडावर सांगायचाही.
त्याच्या वाट्याला कुठलं पान गेलं
ते मी बघून दिलं नव्हतं, शपथेवर सांगतो:
तो माणूस, ज्याला माशाने गिळलं
आणि तीन दिवसांनी काठावर आणून टाकलं.

सुझगो अर्ध्यावर थांबला.
"खोटं आहे," म्हणाला.
"माझ्या बापाला आम्ही अकरा दिवस शोधलं.
हे सरोवर घेतलेलं परत करत नाही."

गिरणीचं इंजिन गार होताना टकटकतं,
तेवढाच आवाज.
माझ्याजवळ उत्तर होतं.
शहरातल्या शिबिरात पाठ करून घेतलेलं.
ते ओठांपर्यंत आलं
आणि मला त्याची लाज वाटली.
मी शेंगांची टोपली पुढे सरकवली.
त्याने घेतल्या नाहीत.

सोमवारी तो सरहद्दीपलीकडच्या ट्रकवर चढला,
पान खिशात.

पुढे कित्येक शनिवार
त्या जागेपाशी आलो की आम्ही अडखळायचो,
पडलेल्या दाताकडे जीभ जाते तसं.
मी म्हणालो, उडी मारून पुढे जाऊ.
तेम्वा म्हणाली, नको. आठवेल तेवढं बोलू.
कुणाला वादळ आठवलं, कुणाला चिठ्ठ्या टाकणं,
कुणाला अंधारातली प्रार्थना, तीही उलटसुलट.
लुसुंगुला एवढंच आठवत होतं
की सुझगोचा आवाज कुठे चिरकला.
तेही आम्ही वाचनात धरलं.
मग मुलं मला विचारू लागली, पूर्वी कधी न विचारलेलं,
आणि मी म्हणू लागलो, माहीत नाही.
नदीपलीकडच्या दोघी बहिणी
चालत येऊ लागल्या तेव्हापासून.
कशासाठी, ते मी विचारलं नाही.
शेंगा तर संपल्या होत्या.

नवा भुईमूग निघाला तेव्हा
एका ट्रकवाल्याने पंपाबरोबर घडी दिली:
सिमेंटच्या पोत्याचा कागद,
निळ्या पेनाने काठोकाठ भरलेला.
आमचं पान नव्हतं ते. पानाची नक्कल,
सुझगोच्या तिरक्या, चुकार अक्षरात.
खाली लिहिलेलं:
मूळ माझ्याकडे राहू दे.
गोदामाच्या दिव्याखाली वाचतो.
अजून पटलेलं नाही.

आणि जिथे दिवसांचा आकडा होता
तिथे त्याने जागा कोरी सोडली आहे.

पंक्चरच्या सोल्युशनने मी तो कागद
शेजारच्या पानाला चिकटवला.
शनिवारी सगळं वाचून झालं की पानं जुळवतो,
जुन्या ट्यूबची पट्टी आवळतो.
कागद जाड आहे.
पुस्तक आता नीट मिटत नाही.