पत्रकाची मागची बाजू

उमेदवार म्हणतो, माणशी वर्षाला अकराशे.
तेवढ्यात बाळंतपण, डायलिसिस, साप, सगळं.
एकच खजिना भरेल, कुणी खिशात हात घालायचा नाही.

जिंतूरच्या दवाखान्यात
एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं मी.
पत्रक पालथं घातलं, पेन काढलं.

साप चावल्यावर कुप्या दहा, कधी वीस,
पेरणीच्या दिवसांत तर फ्रीजच रिकामा.
जनरेटरचं डिझेल.
चारठाण्याहून रात्रीची गाडी आणणारा ड्रायव्हर,
त्याचा पाच महिन्यांचा थकलेला पगार.
हातमोजे तर त्यानं धरलेच नाहीत!
बेरीज दोन हजारांपुढं गेली
तसा मी मिशीत हसलो.

शमीम सिस्टर बशीत चहा ओतत होती.
म्हणाली, "आता बाजूला हे बी लिवा.
गफूरची शेळी. नंदाबाईच्या पाटल्या.
नांदेडला न्यायला जीपवाल्यानं घेतलेले चार हजार.
हे सध्या कोन भरतंय?
याची पावती हाय का तुमच्या स्टोअरात?"

मी दुसरा रकाना आखला.

त्याचा आकडा चुकलाय, पैजेवर सांगतो.
पण पान भरत आलंय,
चहावर साय धरली,
आणि मी अजून एकाच गल्लीत आहे.