काडीचे डोळे

सातपूरची आमची कंपनी नऊ दिवस बंद,
हिची मात्र सिव्हिलला नाइट.
सकाळी साडेसातला येते, चपला काढते,
पडदा ओढून घेते,
आणि घर माझ्या हवाली:
एक शलाका, वय सहा,
एक निमिष, साडेतीन,
आणि तीन वाजेपर्यंत आवाज करायचा नाही.

म्हणून आम्ही कुजबुजत नानकटाई करतो.
परातीत तूप. तळहाताने गोल, गोल, गोल,
पांढरं होईस्तोवर, हलकं होईस्तोवर.
शलाका फेरे मोजते, शंभरावर अडते,
पुन्हा एकपासून.
निमिष पिठीसाखरेत बोट बुडवून
गोड आहे का बघतो.
आहे.
पुन्हा बघतो.

ओव्हन नाही. जुना पाच लिटरचा कुकर,
तळाशी मीठ, मिठात वाटी, वाटीवर ताटली.
शिट्टी काढायची हे मला माहीत होतं.
रिंग काढायची हे
घरभर रबराचा वास सुटल्यावर कळलं.
पडद्याआडून झोपेतलाच आवाज आला,
"रिंग."
एवढंच. मग कूस बदलल्याची चाहूल.

या आठवड्यात ती जळीत वॉर्डात आहे.
आमच्याकडे फटाके आणत नाहीत
हे मुलांना ठाऊक आहे,
का ते अजून नाही.

पहिला घाणा खालून काळाकुट्ट.
"उलटं केलं नाही तर दिसत नाही,"
शलाकाने कानात सांगितलं.
दुसऱ्या घाण्याला निमिष
गोल वळायला तयार होईना.
त्याची एक लांबडी, टोकाला निमुळती.
"इंजेक्शन आहे. आईला द्यायचं."

कंदिलाच्या कामट्या आणायला मेनरोडला जाणार होतो,
तेवढ्यात मोहाडीहून मेव्हणा आला.
छाटणी चालू आहे म्हणाला,
टेम्पोतून द्राक्षाच्या काड्यांचा भारा काढून
जिन्यात टाकला.
"जाळायच्याच होत्या. पोरांना होतील खेळायला."

काडी कधी सरळ नसते.
तारेवर जसं जमलं तशी ती वळलेली.
मी पाच वेळा चौकोन बांधला,
पाच वेळा तो भलतंच काही झाला.
मग शलाकाने दोरा माझ्याकडून काढून घेतला,
वाकडीला वाकडी लावली,
आणि झालं काहीतरी.
ती मासा म्हणते.
खालच्या आहेरकाकू भोपळा म्हणाल्या.
जांभळा पतंगी कागद, मैद्याची खळ.
निमिषने खळही चाखली,
"साखर विसरलात," म्हणाला.

तीनला ती उठली, केस मोकळे,
डोळ्यांत अजून पडद्याचा अंधार.
मुलं बशी घेऊन समोर उभी.
तिने आधी सुईचं टोक खाल्लं.
"दुखलं का?"
"अजिबात नाही. कुणी टोचलं?"
मग तिने काळी एक उचलली,
उलटी करून पाहिली,
माझ्याकडे पाहिलं,
आणि चहात बुडवली.

मासा की भोपळा, तो गॅलरीत लागला.
रात्री गंगेवरून गार वारा येतो,
तो एकाच बाजूला झुकून फिरतो,
भिंतीवर जांभळं काहीतरी हलत राहतं.

एक काडी उरली होती.
मेव्हण्याने जाताना निमिषला दाखवलं होतं,
हे फुगीर फुगीर आहेत ना, हे तिचे डोळे.
"उघडे की मिटलेले?"
"आता मिटलेले."
निमिषने ती स्टीलच्या पेल्यात पाणी घालून
खिडकीत ठेवली,
वर माझा रुमाल टाकला.
तेव्हापासून त्या खिडकीशी
आम्ही सगळे दबक्या आवाजात बोलतो,
आहेरकाकूसुद्धा.

आज कंपनी सुरू.
सहाला उठलो, बूट घातले,
ती अजून यायची होती.
जाता जाता रुमाल जरा उचलला.
वरून दुसरा डोळा,
कडेला गुलाबी कापसासारखं काही,
उघडलेला नाही, पण मिटलेलाही नाही.

रुमाल होता तसा ठेवला.
दार ओढून घेतलं,
कडीचा आवाज न करता.