तिसरा रकाना

वहीत मी तीन रकाने आखते.
काय वाटलं होतं. काय झालं. काय शिकलो.
महिन्याचा शेवटचा शुक्रवार, किसुमू,
वेल्डिंगच्या दुकानावरची आमची खोली.
आठ खुर्च्या, नववा जण बॅटरीच्या खोक्यावर.
बोलायचं ते फक्त फसलेलं.
यशाची गोष्ट सांगेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा,
असा दंड आहे.

आज वीज नाही. बरंच झालं.
भिंतीवर आलेख नसले की माणसं
एकमेकांकडे बघून बोलतात.

ओगवेनो सुरुवात करतो. हसवायला आवडतं त्याला.
दोन सर्व्हर घेतले, जुळे.
नावं ठेवली अपियो आणि अदोंगो,
आधी जन्मलेली, मागून जन्मलेली.
एक पडली तर दुसरी सांभाळेल,
एवढं साधं गणित.
पडल्या दोघी, एकाच सेकंदाला.
दोघींची वायर एकाच बोर्डात होती
आणि त्याच बोर्डात वॉचमनने
रात्री अडीचला किटली लावली.
"जुळ्याच त्या," तो म्हणतो, "नाळ एक निघाली."
मी लिहिते: वायर कुठून येते ते चालत जाऊन बघावं.

मग ओकुमू. हा पाल्हाळ लावणार, माहीत असतं.
सहा आठवडे खपून त्याने जुना कोड
नव्या भाषेत लिहिला, वेग दुप्पट व्हावा म्हणून.
झालाही.
पण सगळा वेळ जात होता तो
सरोवरापलीकडच्या टॉवरची वाट बघण्यात,
आणि टॉवरला कुठलीच भाषा कळत नाही.
"आता आम्ही दुप्पट वेगाने
वाट बघायला बसतो."
मी लिहिते: आधी मोजा, मग हात घाला.

आवुओर खोक्यावर बसली आहे.
डुंगाच्या काठावर, मासळीच्या शीतपेट्यांत
तिने तापमानाचे सेन्सर बसवले होते.
एकोणीस दिवस रेष सरळ.
दोन अंश. दोन अंश. दोन अंश.
ती रेष तिने फोनवर आईलासुद्धा दाखवली होती.
सेन्सर चौथ्या दिवशीच मेला होता.
उत्तर आलं नाही तर मागचंच उत्तर दे,
ही ओळ तिनेच लिहिलेली,
आलेखात भोकं दिसू नयेत म्हणून.
शनिवारी रात्री कंप्रेसर बंद पडला.
सोमवारी कळलं, ते वासावरून.
बासष्ट किलो म्बुटा, रोझबेला नावाच्या बाईचा.

कुणीतरी म्हणतं, टाइमआउट हवा होता.
कुणी म्हणतं, हार्टबीट.
बरोबरच आहेत दोघं.
खाली वेल्डिंग बंद,
त्यामुळे आपापला श्वास ऐकू येतो.

"पैसे दिले मी," आवुओर म्हणते, "तीन हप्त्यांत.
तिने मोजून घेतले, काही बोलली नाही.
आता रोज सकाळी जाते, पेटीत हात घालते.
सेन्सर नवा आहे, चालतो,
तरी घालते.
ती बघत असते."

"हे लिहू? तिसऱ्यात?"
ती नखाने खोक्यावरची चिकटपट्टी सोलते.
"नको. ते शिकणं नाही.
ते नुसतं करते मी."

रात्री वीज आल्यावर
मी घरी वही उतरवून काढते,
नव्याने येणाऱ्यांना वाचायला तक्ता लागतो.
शेवटचं बटण दाबते आणि बघते:
आवुओरच्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात,
आधी मोजा, मग हात घाला.
ओकुमूचं वाक्य. जसंच्या तसं.

रिकामी चौकट दिसली
की वरची ओळ खाली ओढायची,
हे मीच लिहिलं होतं, मागच्या वर्षी.
तक्ता भरलेला दिसावा म्हणून.

जुन्या वह्या मी कोपऱ्यावरच्या
मंदाझीवालीला देत आले, पुड्या बांधायला.
चौदा बैठका झाल्या.
त्यांत किती जण काहीच शिकले नव्हते
हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

पुढच्या शुक्रवारसाठी
पहिलं नाव माझं घालते.